पंतांचा बुधवार

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या बजाबाईंनी माणूस मारला, असं खुद्द बजाबाईंनाच दहा दिवस वाटत होतं. पोलिसांना वाटत नव्हतं, मेलेल्या माणसाच्या घरच्यांना वाटत नव्हतं, पेठेत तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी ते फक्त मला सांगितलं, म्हणून नाइलाजाने मलाही वाटायला लागलं. त्या दहा दिवसांत त्यांच्या खाणावळीतलं जेवण असं बिघडलं की गिरणीतले निम्मे लोक गावाकडून बायको आणायच्या गोष्टी करू लागले.

ही १९२७ सालची हकिकत. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मोहोळजवळच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन आलो होतो आणि गिरणीच्या टाइमकीपर ऑफिसात कारकुनी करत होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला मॅट्रिक, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. ती कशी उतरली तेही पुढे येईलच.

बजाबाईंची खाणावळ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत पंगत बसायची. मागच्या खोलीत चूल, शेंगांची पोती, गोवऱ्यांची रास आणि जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. पलीकडच्या बोळात तेलंगी विणकरांची घरं होती, त्यांच्या हातमागांचा खटखटाट दिवसभर भिंतीतून यायचा. बजाबाईंचा नवरा मानसिंग गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, तो मोठ्या साथीत तीन दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. गावाकडून दीर न्यायला आला तेव्हा बाईंनी त्याला जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उद्यापासून हितं जेवान मिळंल."

बाई उंच, हाडापेराने दणकट, आणि बोलायला फटकळ. त्यांची कडक भाकरी बोटाने टिचकी मारली तर वाजायची. पण नाव होतं ते शेंगांच्या चटणीचं. दाणे मंद आचेवर भाजायचे, मग लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायचे, एवढंच. एवढंच सगळे करतात. तरी बजाबाईंची चटणी खाल्ल्यावर दुसरीकडची चटणी म्हणजे नुसता भुगा वाटायचा. याचं कारण मला आजही सांगता येणार नाही, आणि जे सांगतात ते थापा मारतात.

या चटणीचा एक नियम होता. बुधवारी नवी चटणी कुटली जायची, आणि वेणीमाधवपंतांनी चाखून "हं" म्हटल्याशिवाय ती पुढच्या खोलीत जात नसे.

वेणीमाधवपंत म्हणजे कोर्टातले पेन्शनर शिरस्तेदार. वय चौसष्ट, पोट पुढे, आणि जीभ अशी की सोलापुरातल्या लग्नघरी वधूपित्याला व्याह्यांपेक्षा पंतांची धास्ती जास्त. मठ्ठ्याचा एक घोट घेऊन ते पाणी कुठल्या विहिरीचं ते सांगत. वरणाला फोडणी आचाऱ्याने दिली की त्याच्या हाताखालच्याने, हेही सांगत. एकदा त्यांनी एका पंगतीत मधूनच उठून श्रीखंडातलं केशर जुनं असल्याचं जाहीर केलं होतं. यजमान बिचारा वर्षभर पेठेतून मान खाली घालून जायचा. असला मनुष्य मला मुळीच आवडत नसे, पण त्याचं म्हणणं खोटं नसायचं, ही अडचण होती.

हे कडक सोवळ्याचे पंत दर बुधवारी पाचच्या सुमाराला, फिरायला जातो म्हणून घरून निघत आणि मागच्या बोळातून बजाबाईंच्या चुलीपाशी येऊन बसत. गेली आठ वर्षं. मी पाचच्या भोंग्याला सुटायचो, मला भूक आवरायची नाही आणि पंगत बसायची सात वाजता. म्हणून बाईंनी मला मागच्या खोलीत लवकर जेवायची मुभा दिली होती. ती मुभा देताना एकच अट घातली होती: "हितं जे दिसंल ते हितंच ठिवायचं."

दिसायचं ते असं. पंत येत, अंगावरचं उपरणं काढून ठेवत, खुंटीवर त्यांचं वेगळं उपरणं असे ते गळ्याभोवती घेत, जानवं कानाला गुंडाळत आणि पाटावर बसत. जानवं कानाला कशासाठी गुंडाळतात ते सर्वांना माहीत आहे. पंतांनी त्याचा हा एक नवा उपयोग काढला होता. बुधवारी बजाबाईंकडे मटणाचा रस्सा असायचा. पंत तो खात होते का, हे मला विचारू नका. मी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून जेवत असे.

त्या बुधवारी पंतांनी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग नेहमीचं "हं" न म्हणता ते म्हणाले, "बजाबाई, आज नाव ठेवायला जागा नाही."

आठ वर्षांत असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. बजाबाईंनी नुसता पदर सारखा केला, पण त्या दिवशी मला त्यांनी न मागता एक भाकरी जास्त वाढली. पंत दोन भाकऱ्या खाऊन, तोंडात लवंग टाकून, काठी टेकत बोळातून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या दरवाजातच बातमी कळली. शिरस्तेदार गेले. रात्री झोपाळ्यावर बसले, पान लावायला घेतलं आणि हातातल्या पानासकट कलंडले. मी दुपारच्या सुट्टीत धावत जाऊन बजाबाईंना सांगितलं. त्या तव्यावर भाकरी टाकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या. भाकरी जळून धूर झाला तरी हात हलेना.

"ज्ञानबा," त्या म्हणाल्या, "सात हुत्या."

"काय सात?"

"गोळ्या. सोमलाच्या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शेंगांच्या पोत्यांमुळे खोलीत उंदीर माजले होते. मंगळवारी बाईंनी ज्वारीच्या पिठात सोमल, म्हणजे उंदीर मारायचं जहर, मळून बोराएवढ्या सात गोळ्या केल्या आणि खोलीत जागोजागी ठेवल्या. बुधवारी सकाळी गोळा करताना सहाच सापडल्या. सातवी उंदराने नेली असेल असं म्हणून त्यांनी हात धुतले आणि कामाला लागल्या. उखळ जमिनीत पुरलेलं, तोंड जमिनीशी सपाट. त्यात डोकावून न बघता त्यांनी दाणे ओतले आणि कुटायला घेतलं.

"गोळी उखळात पडली आसंल तर?" बाई म्हणाल्या. "पिठाची गोळी. दान्यात कुटली की कुनाला कळतंय?"

मी विचारलं, "पण चटणी आणखी कुणी खाल्ली का?"

तिथेच तर सगळं अडलं होतं. पंत गेल्यावर बाईंनी चटणी बरणीत भरली, पण बुधवारच्या पंगतीला मागची शिल्लक होती ती आधी संपवायची म्हणून तीच वाढली. मीही तीच खाल्ली होती. नव्या चटणीचा एक कणही दुसऱ्या कुणाच्या पोटात गेला नव्हता. खाल्ली ती फक्त पंतांनी, आणि पंत चार तासांत मेले.

माझ्या पाचावर धारण बसली. तरी मॅट्रिकला शोभेल असं काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, "मावशी, पंतांची जीभ तुम्हाला ठाऊक नाही का? विहिरीचं पाणी ओळखणारा माणूस, त्याला विष कळलं नसतं?"

"सोमलाला चव नसती म्हनं."

"कोण म्हणतं?"

"इकनारा."

"त्याने खाऊन बघितला होता का?"

पण बाईंना हसू येण्याची ती वेळ नव्हती. त्यांनी बरणीला फडकं बांधलं, ती पुढच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि मागच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही असं फर्मान काढलं. चूल पुढच्या खोलीत आणली. बामण मारल्याचं पाप आपल्या डोक्यावर आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं: पंतांचा तेरावा होऊ द्यायचा, सुतकाच्या घरात पोलीस शिरायला नकोत, आणि चौदाव्या दिवशी आपल्या पायाने चौकीवर जाऊन सांगायचं.

"फाशी देत्याल का वं?" त्यांनी मला एकदा भाजी चिरता चिरता विचारलं, अगदी बाजारभाव विचारावा तसं.

मी म्हटलं, "चुकून झालं तर फाशी नसते. काळं पाणी असेल."

हे मी धीर देण्यासाठी म्हटलं होतं. त्या दिवशी आमटीत मीठ तीनदा पडलं.

मला बाईंची काळजी होती हे खरंच आहे. पण ही बाई चौकीवर गेली तर आपण जेवायचं कुठे, हाही विचार रोज मनात यायचा, आणि तो आधी यायचा. मी उपाय सुचवायला लागलो. चटणी कुत्र्याला घालून बघू म्हटलं. बाई उसळल्या, "त्या कुत्र्यानं माजं काय घोडं मारलंय? येक मारला तेवडं पुरे न्हाय का?" मग म्हटलं उंदरांनाच घालू, ते तसेही मारायचेच आहेत. हे त्यांना पटलं. दारातूनच चमचाभर चटणी आत ठेवली. सकाळी बघितलं तर चटणी जशीच्या तशी. उंदीर तिखटाला तोंड लावत नाहीत हे मला आज समजतं. तेव्हा बाई म्हणाल्या, "बग. उंदरालाबी कळलं." आणि खाली बसल्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "मग तूच खाऊन बघ की, येवडी खात्री हाय तर."

मी म्हटलं, "मला ऑफिसला उशीर होतोय."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. आठवलं की आजही कान तापतात.

दहाव्या दिवशी मी पोट दुखतंय असं कळवून ऑफिस बुडवलं. ते खोटंही नव्हतं, बाईंचं जेवण मी नऊ दिवस खात होतो. अकराच्या सुमाराला खाणावळीत बसलो होतो तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. नेसूचं धोतर ओलं, डोकं नि मिशी ताजी भादरलेली, पाय अनवाणी. मी ओळखलं. पंतांचा मुलगा शरच्चंद्र, शाळेत गणित शिकवायचा. बजाबाईंनीही ओळखलं. त्यांच्या हातातून पळी खाली पडली.

"बजाबाई आपणच का?" तो म्हणाला. आवाज इतका खाली की स्वतःलाच ऐकू जाऊ नये. "आईने पाठवलंय."

तळ्याकाठी सकाळपासून पिंड मांडून बसले होते आणि कावळा शिवत नव्हता. कावळे होते, झाड भरून होते, पण खाली उतरेनात. शरच्चंद्राने आईला सांभाळीन म्हणून वचन दिलं, नातवाची मुंज थाटात करीन म्हणून सांगितलं, चुलत्याने जुना वाद सोडल्याचं जाहीर केलं. जिलेबी ठेवून झाली, बासुंदी ठेवून झाली. उन्हाने सगळे भाजून निघाले. भटजींनी दर्भाचा कावळा करू म्हटलं, पण शरच्चंद्राला ते बरं वाटेना, म्हणून त्याने घरी आईला विचारायला पाठवलं. वडिलांची काय इच्छा राहिली असेल?

"आई म्हणाली," तो अडखळला, "शुक्रवार पेठेत बजाबाईंकडे जा आणि बुधवारचं जे असेल ते आण."

बोलता बोलता त्याची नजर उघड्या दारातून मागच्या खोलीत गेली. खुंटीवर त्याच्या वडिलांचं ते दुसरं उपरणं होतं, पुढच्या बाजूला तेलाचे आणि तिखटाचे आठ वर्षांचे डाग पडलेलं. त्याने ते खूप वेळ बघितलं. गणिताचा मास्तर, त्याला हिशेब लागायला वेळ लागला नसावा. पण तो एक शब्द बोलला नाही, आणि त्या दिवसापासून माझं त्याच्याबद्दल मत चांगलं आहे.

बजाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ज्ञानबा, काय करू? चटनी तीच हाय. तिच्यात जहर आसंल तर कावळा मरंल. कावळा म्हंजी पंतच की. त्येंना दोनदा मारू व्हय?"

"दुसरी कुटा."

"दाने भाजायचं, गार करायचं, कुटायचं. तवर दीस बुडंल. मानूस सकाळपास्नं ताटकळलाय." यातला माणूस म्हणजे पंत की शरच्चंद्र, ते मी विचारलं नाही.

मग त्या एकदम ताठ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हूं दे. पंतांनी वाईट जिन्नस जल्मात तोंडात घेतला न्हाय. चटनीत खोट आसली तर तेच शिवायचं न्हाईत. आन शिवून काय झालं, तर मी तितनंच चौकीवर जातीया. घरी यायची न्हाय." त्यांनी चुलीवर पाणी ओतलं, दाराला कुलूप लावलं, मला किल्ली दिली. वरच्या फळीवरची बरणी काढली, दोन कडक भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि शरच्चंद्राच्या मागे चालू लागल्या. मी किल्ली मुठीत धरून त्यांच्या मागे.

तळ्याकाठी भटजी भुकेने पिवळे पडले होते. लसणाची चटणी, तीही खाणावळीतली, बघून ते आधी दोन पावलं मागे सरले. शरच्चंद्र म्हणाला, "आईची आज्ञा आहे." भटजींनी आकाशाकडे पाहिलं, सूर्य डोक्यावर आला होता. म्हणाले, "कावळ्याला सोवळं नसतं. ठेवा."

बाई लांब लिंबाखाली उभ्या होत्या. शरच्चंद्राने पत्रावळीवर भाकरी मोडून ठेवली, बरणीचं फडकं सोडून चटणीचा गोळा तिच्यावर ठेवला आणि मागे झाला.

फार वेळ लागला नाही. एक थोराड कावळा फांदीवरून उतरला. सरळ पत्रावळीपाशी आला नाही, आधी बाजूबाजूने फेरी मारली, मान वाकडी करून बासुंदीकडे पाहिलं आणि पुढे गेला. भाकरीचा तुकडा उलटा केला, खालची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. असंच करायचे पंत, अगदी असंच. मग त्याने चटणीत चोच घातली. एकदा, दोनदा. थांबला. चोच दगडावर पुसली आणि एकदाच, घशातल्या घशात, ओरडला.

"शिवला! शिवला!" सगळे एकदम ओरडले. शरच्चंद्राने जमिनीवर डोकं टेकलं. मागोमाग झाडावरची सगळी फौज उतरली आणि पत्रावळ निमिषात साफ झाली. भटजींनी उरलेले मंत्र घोड्याच्या चालीने म्हटले. अर्ध्या तासात तळ्याकाठी कुणी राहिलं नाही.

आम्ही दोघं मात्र तिथेच होतो. बाकीच्यांचं काम कावळ्याने खाण्याशी होतं, आमचं खाऊन तो जगण्याशी. बजाबाई लिंबाखाली बसल्या, मान वर करून, बरणी मांडीवर घेऊन. पंत चार तासांत गेले होते, म्हणून चार तास बसायचं ठरलं. पण त्यातला पंतांचा कावळा कुठला हे कसं ओळखायचं? मी म्हटलं, सगळ्यांनीच खाल्लंय, एकही पडला नाही म्हणजे झालं. मी कावळे मोजायला लागलो. अठरा. मग सतरा. मग एकवीस. कावळे मोजणं ही काय वैतागाची गोष्ट आहे ते मोजल्याशिवाय कळणार नाही. तीनच्या सुमाराला एक कावळा फांदीवरून धप्पकन खाली आला आणि बाईंच्या तोंडून "गेला!" असा शब्द निघाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो आमच्या पुढ्यातला भाकरीचा कण उचलून परत वर चालला होता.

ऊन उतरलं. झाडावर सगळे जिवंत होते आणि नुसता कलकलाट करत होते. बजाबाईंनी फडक्यातली उरलेली भाकरी काढली. बरणीत बोटं घातली, चटणीचा घास केला आणि तोंडात टाकला. मी ओरडलो, "मावशी!" त्या चावत राहिल्या. दहा दिवसांतला त्यांचा तो पहिला धड घास होता. गिळला. मग दुसरा घेतला. मग बरणी माझ्यापुढे सरकवली. या वेळी मला कुठेच उशीर होत नव्हता. आम्ही दोघांनी अख्खी भाकरी संपवली. तिखटाने डोळ्यांतून पाणी येत होतं, की दुसऱ्या कशाने, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की तळ्यात उडी मारावी.

परत आल्यावर बाई सरळ मागच्या खोलीत शिरल्या आणि पदर खोचून पोती ओढायला लागल्या. गोवऱ्यांच्या राशीमागे, भिंतीच्या कोपऱ्यात, एक घूस मरून वाळून पडली होती. शेजारी सातवी गोळी, अर्धी कुरतडलेली.

दहा दिवस आधी चार पोती हलवली असती तर हे सगळं टळलं असतं. बाई शिकलेल्या नव्हत्या. मी होतो.

यापुढची गोष्ट सांगायची की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. आता त्यातलं कुणी राहिलं नाही, म्हणून सांगतो. चौदाव्या दिवशी बजाबाई चौकीवर गेल्या नाहीत, पण त्याच दिवशी पंतांच्या घरून निरोप आला. गोदावरीबाईंनी, म्हणजे पंतांच्या पत्नींनी, त्यांना मागच्या दाराने बोलावलं होतं. बाईंच्या जिवात आलेला जीव पुन्हा गेला. एकट्या जायला धजेनात, म्हणून मला नेलं. मी परसात पेरूखाली उभा राहिलो. दोघी मागच्या पायरीवर बसल्या, एक वरच्या आणि एक खालच्या. शिवाशिवीचं अंतर दोघींनीही न सांगता राखलं होतं. गोदावरीबाई साठीच्या घरात, लहानखुऱ्या. कपाळ मोकळं. हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले.

"भाकरी-चटणीच खायचे ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

बजाबाईंनी पापणी न हलवता सांगितलं, "व्हय आईसाहेब. भाकरी-चटनीच."

गोदावरीबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. बुधवारी मिशीला लसणाचा वास यायचा. मी विचारलं नाही. चाळीस वर्षं रांधलं त्यांच्यासाठी, एकदा चांगलं म्हणाले नाहीत. मीठ पुढे, तिखट मागे, तांदूळ नवा. आणि दर बुधवारी कुणाच्या तरी घरून तृप्त होऊन यायचे. मला राग आला, बाई. म्हणून मी बुधवारी पुरण घालायला लागले."

बजाबाईंना कळेना.

"जेवून आलेला माणूस. त्याला मी पोळ्या वाढायची. वर तूप. पानात वाढलेलं टाकायचं नाही, हा त्यांचाच कायदा. मुलांना मारलंय त्यांनी त्यापायी. मग स्वतः कसे टाकणार? चार वाढायची, मग पाच. घाम फुटायचा त्यांना, आणि मी पंख्याने वारा घालायची. आठ वर्षं. त्या दिवशी नऊ वाढल्या. नववी त्यांनी मागितली नव्हती. तिथून उठले ते झोपाळ्यावर गेले. मी मारलं त्यांना. रोज वाटतं, कुणाला तरी सांगावं."

म्हणजे त्या दहा दिवसांत पंतांना मारणाऱ्या दोन बायका होत्या, आणि दोघींनाही आपण एकट्याच आहोत असं वाटत होतं. मला वाटलं, आता यांनी सोमलाचं सांगू नये म्हणजे मिळवली. त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "नववी वाढताना नगं म्हनले का?"

"नाही."

"हात आडवा धरला पानावर?"

"नाही."

"मग तुमी कसं मारलं? 'नगं' म्हनायला काय लागतंय? पन आईसाहेब, 'नगं' म्हनलं तर 'का' म्हनून इचारलं आसतं तुमी. मग 'जेवून आलोय' म्हनावं लागलं आसतं." बजाबाई थांबल्या, आणि मग त्यांना स्वतःलाच ते नीट दिसलं. "मानसानं मरान पत्करलं, पन जेवून आलो म्हनला न्हाय!"

गोदावरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ थरथरले. मला वाटलं बांध फुटला. फुटलाच, पण त्या हसत होत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबून, पुढे-मागे झुलत, डोळ्यांतून धारा लागलेल्या, चौदा दिवसांची विधवा बाई गदगदून हसत होती, आणि काही केल्या तिला थांबता येईना. आतून सुनेची पावलं वाजली. बजाबाईंनी दाराकडे पाहिलं, एका क्षणात गळा काढला आणि "पंत वोSS, कुटं गेलात वोSS" असा हंबरडा फोडला की शुक्रवार पेठेतले हातमागही थांबले असावेत. त्यांचेही खांदे हसण्यानेच हलत होते, हे मला पेरूखालून स्वच्छ दिसत होतं.

सून दारातूनच परत फिरली. थोड्या वेळाने शरच्चंद्र परसात आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"गेल्यापासून आई रडली नव्हती," तो हळूच म्हणाला. "आम्हाला फार भीती वाटत होती. बरं झालं, मोकळी झाली एकदाची."

मी म्हटलं, "हो, फार बरं झालं."